लेहला निघण्याआधी, पोरी

आईस हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी तुझी निवड झाली, फार बरं वाटलं. आता नीट ऐक. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. पहिले दोन दिवस बर्फावर उतरूच नको, आराम कर, पाणी पीत राहा.

आपण यवतमाळकडच्या पोरी सिमेंटवर, चाकांच्या स्केटवर शिकलेल्या. ब्लेडवर थांबणं वेगळंच असतं बाई! गुडघे वाकव, दोन्ही पाय एकदम आडवे वळव, ब्लेडच्या कडेनं बर्फ खरवडत थांब. गोल मारणं नंतर, आधी याचाच सराव.

गोलकीपर धरून सहाच जणी खेळतात, म्हणून मिनिटभरात बदली घे. दमूनही रेटणारी पोर संघाला महागात पडते.

२०२५च्या महिला आशिया चषकात कांस्य जिंकणाऱ्या बहुतेक मुली लडाख-स्पितीच्याच. तिथल्या पोरींना बिचकू नको, विचारून घे.