भजनवेड्या वडिलांचं पहिलं वर्षश्राद्ध कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील जाऊन दहा महिने झाले, माणूस जेवढा घरचा तेवढाच मित्रांचा आणि भजनाचा, आणि नुसत्या जेवणावळीवर तुमचं मन भरत नाहीये. आमच्याकडं काय झालं ते सांगतो. पटेल तेवढं घ्या.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. बाबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकादशीला घरात सगळ्यांचा उपास, तरी परातीत मूठभर कणीक मळलेली असायचीच. ती पखवाजाच्या डाव्या बाजूला, धुमेला लावायची. त्याशिवाय घुमारा येत नाही. आई म्हणायची, "आज घरात तो एकटाच जेवतोय." भजन संपवून यायला रात्रीचा एक वाजायचा. रुमालात बांधून आणलेला प्रसाद बाबा आम्हा झोपलेल्या पोरांना उठवून तोंडात घालायचे, मग बसून ती कणीक खरवडायचे. सकाळी ती गाईला. राहिली तर उंदीर पखवाजाचं पान, म्हणजे चामडं, कुरतडतात.

२०१६ साली कार्तिक पौर्णिमेला पहाटेचा काकडा करून आले आणि दुपारी गेले. कोनाड्यातल्या पखवाजाकडं बघायला कुणाला सुचतंय? बाराव्यानंतर काढला, तर डाव्या पानाला रुपयाएवढं भोक. मी तेव्हा रडलो, स्मशानात रडलो नव्हतो.

त्यांचे तीन मित्र आले आणि पखवाज उचलून घेऊन गेले. एक गवंडी, एक एसटीतले कंडक्टर, आणि पेटीवाले मास्तर. मास्तर बैलहोंगलकडचे, कन्नड शाळेत शिकवलेले. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, ते राज्योत्सवाच्या झेंड्याखाली आणि बाबा सीमाभागातल्या मराठी लोकांच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीत. संध्याकाळी चहाला दोघं एकाच कट्ट्यावर, भांडण तिथं पुढं चालू. पण भजनात नाथांचं भारूड झालं की मास्तर कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांचं तत्त्वपद लावायचे आणि बाबांचा हात लगेच त्या चालीवर वळायचा. शरीफसाहेब हावेरीकडचे, १८८९ साली गेले. जन्म मुसलमान घरातला, गुरू गोविंदभट्ट. गळक्या घरावर त्यांचं एक पद आहे. अर्थ अध्यात्माचा, पण आमच्या आषाढात ते म्हणताना डोक्यावरची कौलं खरोखरच गळत असायची.

महिन्याभरानं पखवाज नवं पान चढवून, वादी ओढून परत आला. पैशाचं काढलं तर गवंडीकाका भडकले. "तुझ्या बाबानं माझ्या पोरीच्या लग्नात आठ दिवस मांडव राखला, ते कुठल्या वहीत लिवलंय?" हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा पहिलं काम सांगायचं तर हे: वडिलांच्या मित्रांकडं आत्ताच जाऊन बसा, वर्ष भरायची वाट बघू नका. ते बोलायला लागले की फोनवर रेकॉर्ड करा. आमच्याकडं मंडळाच्या जुन्या कॅसेटी आहेत, पण बाबा गात नसत. त्यामुळं सगळीकडं त्यांचे हात ऐकू येतात, आवाज कुठंच नाही.

दुसरं, स्टेज, साउंड, बाहेरचे गायक यात पडू नका. आमच्या एका पाव्हण्यानं ऑर्केस्ट्राचा आग्रह धरला होता, कसाबसा टाळला. वर्षश्राद्धाचं विचारायला गेलो तर मास्तर म्हणाले, "श्राद्धाचा दिवस तुमचा. आम्हाला आधीची एकादशी द्या."

दिली. कार्तिकी एकादशीला आमच्या सोप्यात भजन बसलं. पखवाजावर कंडक्टरकाकांचा पोरगा. आईनं न सांगता कणीक मळून आणून ठेवली. पोरानं ती लावली, मास्तरांनी वाकून धुमेवर एक थाप मारली आणि मान हलवली. "वैनी, इन्नू स्वल्प." म्हणजे, अजून थोडी.

आपल्याला कन्नड येत नाही असं आई आयुष्यभर सांगत आलीय. ती परात घेऊन परत आत गेली.