मायक्रोमाऊस बनवताय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. मायक्रोमाऊस म्हणजे रिमोट नसलेला छोटा रोबोट. १६ बाय १६ घरांचा मेझ (भुलभुलैया) असतो, एक घर १८ सेंटीमीटरचं, भिंती ५ सेंटीमीटर उंच. कोपऱ्यातून निघून मधल्या चार घरांत पोचायचं, नकाशा आधी कोणी देत नाही, स्वतःच शोधायचा आणि मग सापडलेल्या रस्त्याने सुसाट पळायचं.

प्रश्न : आम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहोत, चौघांची टीम. फ्लड फिल (घरांना आकडे देऊन रस्ता काढायची पद्धत) लिहिलाय, सिम्युलेटरवर एकदम मस्त चालतो. पण खऱ्या मेझमध्ये तीन-चार घरं गेला की भिंतीला घासतो आणि नंतर भलतीकडेच वळतो. अल्गोरिदम बदलून ए-स्टार (रस्ता शोधायची दुसरी पद्धत) टाकू का? (सांगली)

उत्तर : नको रे, अल्गोरिदमला हात पण लावू नका. मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि दरवेळी पोरं कोड बदलत बसतात, खरा लोचा चाकांत असतो.

हिशोब करून बघा. १८ सेंटीमीटरच्या घरातून भिंतीची जाडी १.२ गेली, उरली १६.८. तुमचा रोबोट १० सेंटीमीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंना मिळून ६.८, म्हणजे एका बाजूला फक्त ३.४. आता वळताना ९० ऐवजी ८७ अंशच वळला, फक्त ३ अंशांची चूक, तर चार घरं सरळ जाईपर्यंत तो जवळपास पावणेचार सेंटीमीटर बाजूला सरकलेला असतो. लागलाच की भिंतीला! आणि एकदा घासला, चाक घसरलं, की एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) सांगतो आपण सातव्या घरात आणि गाडी असते सहाव्यात, मग फ्लड फिल बिचारा चुकीच्या जागेवरून बरोबर उत्तर काढत राहतो. सिम्युलेटरमध्ये चाक घसरतच नाही म्हणून तिथे सगळं गोड दिसतं.

चाकाचा व्यास पण नीट मोजा. ३२ मिलिमीटरच्या चाकात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे दीड टक्क्याच्या वर, आणि १५ घरांच्या सरळ पट्ट्यात चार सेंटीमीटरचा फरक. म्हणून फुटपट्टीवर विसंबू नका, गाडी जमिनीवर दोन मीटर पळवा, प्रत्यक्ष अंतर टेपने मोजा आणि त्यावरून एका घराला एन्कोडरचे किती काउंट लागतात ते काढा.

मग तीन गोष्टी करा. एक, वळण जायरोवर (गाडी किती अंश वळली ते मोजणारा सेन्सर) घ्या, आणि चालू केल्यावर एक-दोन सेकंद गाडीला अजिबात हात न लावता जायरोचा शून्य ठरवू द्या. दोन, सरळ जाताना दोन्ही बाजूंच्या भिंतींचं अंतर बघत सतत मध्ये येत राहू दे, एकाच बाजूला भिंत असेल तर तिच्यावरून, दोन्हीकडे नसेल तर जायरोवरून. तीन, आणि हे फार कमी टीम करतात, बाजूची भिंत जिथे संपते किंवा सुरू होते तिथे सेन्सरचं रीडिंग एकदम उडी मारतं, ती जागा घराच्या सीमेवर असते हे आपल्याला माहीत आहे ना, मग तिथे अंतराचा आकडा दुरुस्त करून घ्या. समोर भिंत आली की तिच्यावरून पण. असं केलं तर चूक साठत जात नाही. डावीकडची-उजवीकडची वळणं घेत रिकाम्या जागी दहा मिनिटं पळूनही गाडी सरळ राहिली, तेव्हाच मेझमध्ये सोडा.

प्रश्न : डावी भिंत धरून चालत राहिलं तर मेझ सुटतोच असं यूट्यूबवर सांगतात. मग एवढं डोकं कशाला लावायचं? (नागपूर)

उत्तर : हा वाद स्पर्धेइतकाच जुना आहे. आयईईई या इंजिनियरांच्या संघटनेच्या स्पेक्ट्रम मासिकाने १९७७ मध्ये ही स्पर्धा जाहीर केली, फायनल १९७९ ला न्यूयॉर्कमध्ये झाली, आणि तिथे नुसती भिंत धरून पळणारी मशीन विचार करणाऱ्या मशीनपेक्षा लवकर बाहेर पडली, कारण बाहेर पडायची वाट कडेलाच होती! म्हणून पुढे युरोपात ब्रिटिश इंजिनियर जॉन बिलिंग्सली यांनी लक्ष्य मध्यभागी नेलं. आता मधल्या घरांभोवतीच्या भिंती बाहेरच्या भिंतीला जोडलेल्याच नसतात, त्यामुळे डावी भिंत धरली की तू गोल फिरून परत सुरुवातीलाच येतोस.

फ्लड फिल अवघड नाहीये. मधल्या घरांना ० दे, शेजारच्यांना १, त्यांच्या शेजारच्यांना २, असं कोपऱ्यापर्यंत. नेहमी छोट्या आकड्याच्या घरात जायचं, नवीन भिंत दिसली की आकडे परत मांडायचे. २५६ घरं, प्रत्येकाला एक बाइट, भिंतींसाठी अजून तेवढेच, साध्या आर्डुइनो उनोच्या २ केबी मेमरीत आरामात बसतं.

लाइन मेझ असेल, म्हणजे काळ्या पट्टीवरचा, आणि त्यात लूप नसतील, तर तुझा डाव्या हाताचा नियम चालेल.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, तिला हे करायचंय. तयार किट घेऊन देऊ का? (नाशिक, एक आई)

उत्तर : ताई, लगेच महागडं किट नका घेऊ. आधी एक साधा लाइन फॉलोअर (काळ्या पट्टीवरून चालणारा रोबोट) तिला स्वतः जोडू द्या, चुका शोधू द्या. मेझचे सिम्युलेटर फुकट मिळतात, फ्लड फिल ती कॉम्प्युटरवरच शिकेल. नंतर एन्कोडर लावलेल्या दोन एन-ट्वेंटी (छोट्या, गिअरवाल्या) मोटर घ्या, एन्कोडर नसलेल्या स्वस्त मिळतात पण त्या घेतल्या तर पुढे सगळं अडतं. सरावाला पूर्ण मेझ लागत नाही, सनबोर्ड कापून ४ बाय ४ घरं घरीच बनवा, पांढऱ्या भिंती, खाली काळा मॅट कागद. आयआयटी बॉम्बेची ई-यंत्र ही रोबोटिक्सची स्पर्धा कॉलेजच्या मुलांसाठी आहे, तिथपर्यंत हातात भरपूर वर्षं आहेत. तिची आवड बघून मला फार आनंद झाला, तिला सांगा नक्की.

प्रश्न : लॅबमध्ये बरोबर चालतो, स्पर्धेच्या हॉलमध्ये आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर येड्यासारखी रीडिंग देतात. अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) लावू का? (पुणे)

उत्तर : अल्ट्रासॉनिक नको, त्याचा झोत रुंद पसरतो, तिरक्या भिंतीवरून आवाज भलतीकडे जातो आणि वेगात त्याला वेळ पुरत नाही. हॉलमधले हॅलोजन आणि खिडकीतलं ऊन यांच्यातही इन्फ्रारेड असतं, तेच तुझ्या सेन्सरमध्ये शिरतंय. आधी सेन्सरचा एलईडी बंद ठेवून रीडिंग घे, मग चालू करून घे, दोन्हींमधला फरक वापर. एलईडी सतत पेटता ठेवू नकोस, क्षणभरच झगमगव, म्हणजे करंट जास्त देता येतो आणि बॅटरी पण वाचते. आणि भिंतीसाठीचे आकडे कोडमध्ये पक्के करून ठेवू नकोस, स्पर्धेच्या दिवशी त्याच मेझच्या सुरुवातीच्या घरात गाडी ठेवून बटण दाबलं की तिने ते स्वतः घ्यावेत अशी सोय आधीच करून जा.