बीफ-बार्ली सूप : मांसाचा वेळ आणि बार्लीचा वेळ

प्रश्न : मी घरी दोनदा बीफ-बार्ली सूप केले. मांस, बार्ली, कांदा, गाजर आणि पाणी असे सर्व जिन्नस एकदमच पातेल्यात घालून मोठ्या आचेवर उकळले. पहिल्या वेळी पाऊण तासात बार्ली मऊ झाली, पण मांस चिवट राहिले. दुसऱ्या वेळी मांस शिजेपर्यंत उकळत ठेवले, तर बार्लीची पेज झाली आणि गाजराचा पत्ताच लागला नाही. माझे कुठे चुकते?

उत्तर : ‘एकदमच’ आणि ‘मोठ्या आचेवर’ हे आपल्या पत्रातले दोन शब्द बदलले, तर हे सूप आपल्याला उत्तम साधेल. मांसाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो, बार्लीला पाऊण तास आणि गाजराला जेमतेम वीस मिनिटे. म्हणून या तिघांना पातेल्यात ज्याच्या त्याच्या वेळी घालणे हेच या सुपाचे खरे काम आहे.

मांसापासून सुरुवात करू. खांद्याचे किंवा पायाच्या नळीभोवतीचे मांस घ्यावे. हे स्नायू जनावराच्या सतत वापरातले असल्याने त्यांत कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन भरपूर असते. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होऊ लागते, आणि या जिलेटिनमुळेच मांस बोटचेपे होते व रस्सा ओठांना किंचित चिकटतो. मात्र या बदलाला उष्णतेइतकीच वेळेचीही गरज असते. आच मोठी केल्याने ते काम पाऊण तासात उरकत नाही; उलट स्नायूंचे तंतू आवळले जातात, त्यांतले पाणी बाहेर पडते आणि रस्सा गढूळ होतो. पाठीचे कोवळे, महागडे मांस घेऊन हा वेळ वाचवता येईल असे काहींना वाटते, पण त्यात कोलॅजन फारसे नसल्यामुळे ते सुपात कोरडे आणि भुसभुशीत होते.

चार-पाच जणांसाठी ६०० ग्रॅम मांसाच्या साधारण अडीच सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात, कापडाने किंवा कागदाने कोरड्या टिपून त्यांना मीठ लावावे. जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगले तापवून त्या दोन खेपांमध्ये खरपूस परताव्यात. सगळ्या फोडी एकाच वेळी घातल्या, तर पातेले थंड पडते, पाणी सुटते आणि मांस परतले न जाता वाफेवर शिजते. ते करड्या रंगाचे दिसू लागले की हेच झाले असे समजावे. फोडी काढून त्याच तेलात दोन कांदे, सेलरीचे दोन दांडे आणि लसणाच्या चार पाकळ्या बारीक चिरून परताव्यात, त्यात मोठा चमचाभर टोमॅटो पेस्ट घालून ती विटकरी होईपर्यंत हलवावी. मग कपभर पाणी ओतून लाकडी चमच्याने तळाला चिकटलेला तपकिरी थर पूर्णपणे खरवडून घ्यावा. हा थर करपलेला समजून कोणी पातेले बदलू नये, कारण सुपाची अर्धी चव तिथेच असते.

आता मांस परत घालावे, एकूण दोन लिटर पाणी होईल इतके पाणी ओतावे, एक तमालपत्र आणि थोडे थाइम टाकावे. पहिल्या उकळीला वर आलेला फेस पळीने काढून टाकून आच इतकी कमी करावी, की पृष्ठभागावर मधूनमधून एखादाच बुडबुडा फुटेल. दीड तासाने एक फोड चमच्याने दाबून पाहावी. ती दबत असेल, पण तुटत नसेल, तर १०० ग्रॅम बार्ली धुऊन घालण्याची ती वेळ होय. फोड अजून रबरासारखी उसळत असेल, तर आणखी अर्धा तास थांबावे आणि मगच बार्ली घालावी. त्यानंतर पंचवीस मिनिटांनी गाजराच्या फोडी घालाव्यात, आणि आणखी वीस मिनिटांत तिन्ही जिन्नस एकाच वेळी तयार होतात.

प्रश्न : मांस आधी परतल्याने त्यातला रस आत कोंडला जातो, हे खरे का?

उत्तर : नाही. परतलेल्या मांसातूनही रस सुटतच राहतो. पातेल्यात येणारा चुरचुर आवाज त्या सुटणाऱ्या पाण्याचाच असतो. परतायचे ते चवीसाठी आणि रंगासाठी. उष्णतेने अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात घडणाऱ्या या प्रक्रियेचे वर्णन लुई-कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. ती जोमाने घडायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि ओले मांस पाणी उडून जाईपर्यंत १०० अंशांच्या वर जात नाही. फोडी टिपून घ्यायला सांगितले ते यासाठीच.

प्रश्न : माझ्याकडे सालीसकट असलेली बार्ली आहे. ती चालेल का? आणि घरात एकांना ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांना हे सूप देता येईल का?

उत्तर : आपण तपकिरी, केवळ वरचे टरफल काढलेल्या दाण्यांबद्दल विचारता आहात असे धरून सांगते. ही बार्ली चालते, चवीला अधिक खमंगही लागते, पण तिचा कोंडा शाबूत असल्याने ती शिजायला तास-सव्वा तास लागतो. ती रात्रभर भिजवावी आणि मांस शिजायला लागून तासभर झाला की घालावी. पांढुरकी, गुळगुळीत पर्ल बार्ली पॉलिश केलेली असते. तिला भिजवण्याची गरज नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. बार्लीत ग्लुटेन असते आणि ते रश्शात उतरते, त्यामुळे दाणे गाळून दिलेले सूपही त्यांना देऊ नये. त्यांच्यासाठी रस्सा बार्ली घालण्यापूर्वीच वेगळ्या पातेल्यात काढावा, त्यात तांदूळ घालावा आणि त्या पातेल्याची पळीसुद्धा वेगळी ठेवावी.

प्रश्न : प्रेशर कुकरमध्ये करता येईल का?

उत्तर : मांसापुरता कुकर जरूर वापरावा. परतण्याचे काम आधी पूर्ण करून, वाफ धरल्यावर मंद आचेवर अर्धा तास पुरतो. बार्ली मात्र झाकण उघडल्यावरच घालावी, कारण ती शिजताना फेसाळते आणि तो फेस वाफेच्या छिद्रात अडकू शकतो.

प्रश्न : उरलेले सूप दुसऱ्या दिवशी खिरीसारखे घट्ट होते आणि बेचव लागते. ते कसे टाळावे?

उत्तर : हा अनुभव मलाही आहे, एकदा सकाळी भांडे उघडले, तर त्यात पळी सरळ उभी राहिली होती. बार्ली शिजून झाल्यावरही पाणी शोषत राहते, तिच्यातले बीटा-ग्लुकन हे विरघळणारे तंतू रस्सा दाट करतात आणि जिलेटिनही थंडीत गोठते. सूप दोन दिवस पुरवायचे असेल, तर बार्ली वेगळ्या पाण्यात शिजवून निथळून ठेवावी आणि खाण्याच्या वेळी वाटीत घालून तिच्यावर गरम सूप ओतावे. एकत्रच केले असेल, तर गरम करताना पाणी किंवा रस्सा घालून सैल करावे.

सूप पातेल्यातच रात्रभर बाहेर ठेवू नये. पसरट भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. वर गोठलेला चरबीचा थर चमच्याने अलगद निघतो. तो नको असेल, तर गरम करण्यापूर्वीच काढावा. पुन्हा गरम करताना पूर्ण उकळी आणावी.

बेचव लागण्याचे कारण बहुधा मिठात आणि आंबटपणात असते. बार्लीने रस्सा शोषलेला असतो आणि आपण वरून पाणी घातलेले असते, त्यामुळे आदल्या दिवशीचे मीठ पुरत नाही. उकळी आल्यावर चव घेऊन मीठ वाढवावे, आच बंद करून चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालावे आणि काळी मिरी ताजी कुटून वर टाकावी.