वर्गणीची पावती आणि पुरोगामी राजकारण

प्रिय साथी,

तुझे पत्र मिळाले. तहसील कचेरीवरच्या मोर्चाला घरकामगार बायांची एवढी गर्दी झाली आणि पुढच्याच बैठकीला मात्र कोणी फिरकले नाही, याचे तुला कोडे पडले आहे. नगरपालिका निवडणुकीत पुरोगामी विचारांचे पॅनेल उभे करावे, असा तुझ्या मित्रमंडळींचा आग्रह असल्याचेही तू लिहिले आहेस. या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, असे मला वाटते, आणि ते सांगायला काहीसे रुक्ष आहे: तुमच्या संघटनेकडे अजून पावतीपुस्तक नाही.

मोर्चाचे टेम्पो आणि फ्लेक्स हितचिंतकांच्या देणगीतून झाले, हे तू अभिमानाने लिहिले आहेस. देणगीला माझा विरोध नाही. पण जी बाई दुसऱ्याने केलेल्या टेम्पोत बसून येते ती पाहुणी म्हणून येते, आणि पाहुणी दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागते. तीच बाई महिन्याला दहा रुपये वर्गणी देऊन पावती पदराला बांधते, तेव्हा ती बैठकीत हिशेब विचारू लागते, भांडते आणि तुझ्या बोलण्यातली चूक काढते. त्या भांडणापासून संघटना सुरू होते.

पुण्यात 1950च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीची उभारणी सुरू केली, तेव्हा हमालाचा मालक कोण, हेच ठरत नसे. सकाळी एका आडत्याचा माल उतरवायचा, दुपारी दुसऱ्याचा ट्रक भरायचा, आणि पोते अंगावर येऊन कंबर गेली की सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे, कामगार याच प्रश्नावर लढत होते. त्या लढ्यातून आलेला 1969चा माथाडी कायदा तू मुळातून वाच, कारण त्यातली योजना आजही मला थक्क करते. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही, म्हणजे जादा आकार, या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार यांची तरतूद करायची. मालक रोज बदलला तरी कामगाराचा हक्क एका जागी साठत जातो. मात्र ही योजना चालण्यासाठी टोळीत कोण आहे, कोणत्या दिवशी किती पोती उतरली, वाराईचा, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा, दर काय ठरला, हे कोणीतरी रोज लिहावे लागते. घोषणा देणारे शंभर मिळतात. दिवेलागणीला बसून हजेरी लिहिणारा एखादाच सापडतो, आणि आपल्या पुरोगामी वर्तुळात त्याला कारकून म्हणून हिणवण्याची वाईट खोड आहे.

1993 मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायांच्या सुरुवातीच्या मोठ्या मागण्यांपैकी एक होती ओळखपत्राची, महापालिकेने मान्यता दिलेल्या. पहाटे पोते खांद्यावर घेऊन निघालेल्या बाईला पोलिसाने चोर समजून हटकले, तर तिला दाखवायला काहीतरी हवे होते. तुमच्या पत्रकातल्या मागण्यांत व्यवस्थापरिवर्तन आहे, पण भरपगारी सुट्टी शेवटून दुसऱ्या क्रमांकावर आहे. 1980 साली पुण्याच्या मोलकरणींनी आपण होऊन संप केला, तो पगाराच्या आणि आजारपणातल्या रजेच्या प्रश्नावर. मागण्यांचा क्रम बायांना लावू दे. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला आहे. तुमच्या गावातल्या किती जणींची त्याखाली नोंदणी आहे, हे वस्तीवस्तीत फिरून वहीत उतरवलेस, तर पुढच्या सहा महिन्यांचे काम आपोआप ठरेल.

कायदा असणे आणि तो अंगवळणी पडणे यांत केवढे अंतर असते, हे महाडच्या इतिहासात दिसते. समाजसुधारक सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा ठराव 1923 साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर चालत जाईपर्यंत ते पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नव्हते. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि न्यायालयातला निकाल लागायला 1937 उजाडले. एका मोर्चाने निराश होताना ही दहा वर्षे आठवणीत असू दे.

मूल्यांविषयी तू विचारले आहेस, म्हणून थोडे परखड लिहितो. बाबा आढावांनी 1970च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली, तेव्हा गावोगावच्या विहिरींवर जी विषमता दिसली ती आज शहरातल्या स्वयंपाकघरात शिल्लक आहे. तुझ्या स्वतःच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप कुठे असतो? खिडकीच्या कठड्यावर, कान तुटलेला आणि वेगळा? त्यांना महिन्याला सुट्ट्या किती, आणि त्यांचे पैसे कापले जातात का? आईशी या विषयावर बोलणे मंत्र्याला निवेदन देण्यापेक्षा अवघड आहे, याची मला कल्पना आहे. पण वस्तीतल्या बाया एकमेकींच्या घरची खबर राखून असतात, आणि तुझ्या घरचा कप कुठे आहे हे त्यांना तुझ्या भाषणाआधीच कळलेले असते. बैठकीत चहा कोण करते आणि खुर्च्यांवर कोण बसते, याकडेही लक्ष ठेव. कॉम्रेड म्हणवणारे पुरुष सतरंजी उचलायच्या वेळी कसे गायब होतात, हा एक स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

आता निवडणूक. राजकारणापासून दूर राहण्याचे सोवळे मी मानत नाही. नगरपालिकेचे अंदाजपत्रक ज्यांच्या हाती असते तेच वस्तीतला नळ कुठे येणार हे ठरवतात. तरी या खेपेला पूर्ण पॅनेलचा हट्ट सोडा. ज्या प्रभागात तोवर वर्गणीदार सभासद पुरेसे झालेले असतील, तिथे एखादी जागा लढवा, आणि उमेदवार कोण हे तुमच्या कट्ट्यावर न ठरवता त्या वस्तीतल्या सभासदांच्या सभेत हात वर करून ठरवा. त्यांनी भांडी घासणाऱ्या एखाद्या बाईचे नाव सुचवले तर तिला भाषण जमेल का, अशी शंका काढू नका. त्यांनी तुझे नाव घेतले तर जरूर उभी राहा. फक्त अर्ज भरण्याआधी संघटनेच्या खजिनदारपदाचा राजीनामा दे आणि वह्या, पावत्या व शिल्लक सभेसमोर दुसरीच्या हवाली कर.

सस्नेह जिंदाबाद,
तुझा जुना साथी