बर्न्स आणि थॉमसनच्या पत्रव्यवहारात बरोबर कोण होतं?

स्कॉटिश लोकगीतं दुरुस्त करण्यावरून कवी रॉबर्ट बर्न्स आणि प्रकाशक जॉर्ज थॉमसन यांच्यात पत्रं झाली, त्यात बरोबर कोण, असं विचारलंय. बर्न्स. थॉमसनने १७९२ मध्ये जुन्या चालींसाठी शब्द मागितले, तेव्हाच बर्न्सने कळवलं की इंग्रजीच हवी असेल तर माझ्यापुरता विषय संपला. मोबदलाही नाकारला. तरी पुढच्याच वर्षी त्याच्या युद्धगीताची चाल थॉमसनला पसंत पडेना, म्हणून दुसऱ्या चालीत बसवायला कडव्यांची शेवटची ओळ वाढवून घेतली. लोकांनी मूळचंच उचललं, थॉमसनलाही पुढे ते तसंच छापावं लागलं.

माझ्या मुळशीच्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या मी उतरवून सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशकांना दिल्या होत्या. मुद्रितं आली ती आठ-आठ अक्षरांत कापलेली. 'व्हता'चं 'होता', 'बया'ची 'आई', आणि प्रत्येक 'गं बाई'वर काट. समासात शेरा, 'भरीचे'. मावशीला वाचून दाखवलं. हात खुंट्यावर असल्यासारखा फिरवत तिने दोन ओळी म्हणून पाहिल्या आणि थांबली. "यात दम कुठं घ्यायचा?" जातं फिरवत, त्यात दाण्यांची वैरण घालत ती म्हणते, 'गं बाई'लाच तिला श्वास मिळतो. हे मी सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर आलं, शहरी वाचकाला कळायला हवं. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी हस्तलिखित परत आणलं, आणि आजही मला ते योग्यच वाटतं.

तुमच्याकडे असा संग्रह असेल तर आधीच लेखी घ्या: नको ती ओवी गाळा, पण ठेवाल तिला हात लावायचा नाही.

आता हेही खरं की बर्न्स स्वतः जुन्या गाण्यांत भरपूर फेरफार करायचा. जेम्स जॉन्सन या दुसऱ्या प्रकाशकाच्या स्कॉटिश गाण्यांच्या संग्रहात जुनं किती आणि बर्न्सचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण तो चाल गुणगुणत, आपल्या बोलीत करायचा. मावशीही तिच्या आईच्या ओवीत आपल्या लेकाचं नाव घालायची. गाणाऱ्याला तो हक्क आहे, टेबलावर बसून लाल पेन चालवणाऱ्याला नाही.

आणि शहरी वाचकाचं म्हणाल, तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी याच पुण्यातून काम करून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बोली कळत नसेल तर पानाखाली टीप द्यावी. 'बया म्हणजे आई', एवढी एक ओळ जुळवायला कितीसा वेळ लागतो?