काल तो किती जेवला?

"मॅडम, तो घरचं काही खातच नाही हो." गोव्यात फोंड्याला मी समुपदेशनासाठी बसते तिथे हे वाक्य महिन्यातून चार-पाच वेळा तरी कानावर येतं. कधी आई सांगते, कधी बाबा, एकदा तर आजोबा एकटेच येऊन सांगून गेले. मूल तीन वर्षांचं असो की आठ, गाऱ्हाणं तेच. मोबाइल लावल्याशिवाय घास उतरत नाही, भाजी दिसली की तोंड फिरवतो, पाव आणि बिस्किटांवर दिवस काढतो. म्हणून आज एका आईची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. सात आठवड्यांत पाच भेटी झाल्या, त्यातलं मोजकंच इथे आहे.

तिला रेवती म्हणू. घर मार्दोळच्या बाजूला, नोकरी पणजीत, नवरा वेर्ण्याला शिफ्टमध्ये, घरात सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा. जून लागून पाऊस धरला होता तेव्हा ती पहिल्यांदा आली. बसल्या बसल्या तिने पर्समधून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. दीड महिन्याची नोंद, तारीखवार. 'सकाळी अर्धा उंडो, चहात बुडवून. दुपारी शीत चार चमचे, वरण नको. रात्री घास ७, मोबाइलवर.' (उंडो म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, शीत म्हणजे भात.) काही ओळींखाली लाल पेनाने दोनदा रेघ मारलेली.

"सगळं ताजं करते मी," ती म्हणाली. "नारळ घरचा, सोलां घरची, तांदूळ उकडे. हल्ली सजगपणे जगण्याबद्दल वाचते, मोबाइल बाजूला ठेवून शांतपणे जेवावं, वगैरे. त्यालाही सांगते. तो ताटाकडे बघतसुद्धा नाही. मग मीच मोबाइल लावते आणि रात्री रडते."

मी आधी डॉक्टरांचं विचारलं. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं होतं, वजन-उंची व्यवस्थित होती. तुम्हीही सुरुवात इथूनच करा. वजन घटतंय, वाढीचा आलेख खाली सरकतोय, गिळताना ठसका लागतो, किंवा मोजून चार-पाच पदार्थ खातो आणि त्यातलाही एकेक सोडत चाललाय, असं असेल तर माझ्याकडे येऊ नका, आधी डॉक्टर गाठा.

बाकी बहुतेक घरांत हिशेब चुकलेला असतो. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर तेच मूल वर्षाला दोन-अडीच किलोच्या आसपास वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आपल्याला मात्र आठवत असतं ते गुटगुटीत बाळ. नवीन चवीचंही तसंच. ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, तेव्हा कुठे मूल तिला आपलं म्हणतं. आपण तिसऱ्याच दिवशी त्याच्यादेखत जाहीर करतो, "याला तांबडी भाजी नाही आवडत." तोही ऐकतो आणि पक्कं करून टाकतो.

रेवतीने हे सगळं वाचलेलं होतं. माहितीने तिची धास्ती कमी झाली नव्हती, म्हणून मी माहिती तिथेच सोडली. दुसऱ्या भेटीत विचारलं, "तो जेवला नाही तर काय होईल?"

"अशक्त होईल."

"डॉक्टर तर तसं म्हणत नाहीत. मग?"

ती बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत राहिली. "मग मी एवढं कशासाठी करते, मॅडम?"

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती हा माझ्या कामाचा पाया आहे. माणसं बोलत असतात तेव्हा मी एक अक्षर ऐकत असते, 'च'. मुलाने घरचं खावं, ही इच्छा झाली. खाल्लंच पाहिजे, हा हुकूम. हुकूम मोडला की निकाल लगेच लागतो आणि तो मुलाचा नसतो. मी वही तिच्याकडे सरकवली आणि विचारलं, "हे प्रगतिपुस्तक कोणाचं?" तिने उत्तर दिलं नाही, पण वही पर्समध्ये परत ठेवताना ती त्या वहीकडे वेगळ्या नजरेने बघत होती.

तिसऱ्या भेटीत मुलाचा विषयच काढला नाही. विचारलं, "तुम्ही लहानपणी कशा जेवायच्या?"

तिचं माहेर सत्तरी तालुक्यात. "आजी आदोळीवर बसून नारळ खवायची," ती सांगू लागली, आणि सांगता सांगता तिचे दोन्ही हात वाटीसारखे वळून नारळाची कवड फिरवू लागले. तिला त्याचा पत्ताही नव्हता. "मी समोर उकिडवी बसायचे. मधेच हात घालून खोबरं उचलायचे. 'हात कापतलो गो' म्हणायची, बस्स. रात्री पेज असायची, लोणच्याची फोड, असलीच तर कसली तरी भाजी. ती मामाशी बोलत जेवायची. मी कधी दोन वाट्या पेज प्यायचे, कधी तशीच झोपून जायचे." हात थांबले. "मॅडम, मी किती जेवते ते कोणी बघतच नव्हतं."

बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता. मी काही बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकाला समजावून सांगायचा मोह होतो. तो आवरायला मला बारा वर्षं लागली आणि आता ते जमतं याचं मला समाधान आहे. दोनेक मिनिटांनी तीच म्हणाली, "आणि मी तर त्याच्या तोंडाकडेच बघत असते."

मला जे उमगलं ते इथे लिहिते, कारण तेव्हापासून मी प्रत्येक घराकडे असंच बघते. आपल्या भाषेत लक्ष असणं वेगळं आणि लक्ष ठेवणं वेगळं. आजीचं लक्ष नारळात होतं, पेजेत होतं, गप्पांत होतं, आणि त्या लक्षाच्या उबेत नात जेवत होती. रेवती लक्ष ठेवून होती. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडावर आई आणि आजी अशा दोघींची नजर, प्रत्येक घासाची नोंद. माझ्या मते मोबाइल हा त्याचा आडोसा होता. नजरेपासून लपायला त्याच्याकडे दुसरी जागाच नव्हती.

सजगतेचंही तेच झालं होतं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सजगतेचे वर्ग सुरू केले. त्या वर्गांत एक बेदाणा सावकाश, चव घेत खायला देतात. लक्ष द्यायचं ते आपल्या हातातल्या बेदाण्याकडे. रेवतीने मात्र मुलासाठी एक नियम वाढवला होता आणि स्वतः रोज थंड जेवत होती.

मग आम्ही वाटणी केली. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी ती फार सोपी करून ठेवली आहे. काय, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती, आणि मुळात खायचं की नाही, हे मुलाने. वही कपाटात. रेवतीने स्वतःचं ताट गरम असताना वाढून घ्यायचं. त्याच्या ओळखीचा एक तरी पदार्थ जेवणात हवा, मग तो पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उंडो का असेना. अधल्यामधल्या वेळी बिस्किटं नाहीत. मोबाइल सगळ्यांचेच बाजूला, शिफ्टवरून आलेल्या बाबांचासुद्धा. 'भाजी संपव, मग आइस्क्रीम' बंद, कारण त्यातून मूल शिकतं की भाजी ही शिक्षा आहे. आणि शाबासकीही बंद. हे पालकांना सर्वांत जड जातं. पण 'वा, संपवलंस!' म्हणजे आपण बघत होतो, हे त्याला कळतंच.

पहिला आठवडा वाईट गेला. तिसऱ्या रात्री तो अर्धा उंडो खाऊन झोपला आणि रेवतीचा फोन आला. एकदा नवऱ्याने न राहवून मोबाइल हातात दिला, त्यावरून भांडण झालं. चौथ्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "भूक लागल्यार खातलो तो. हांव पयलींसावन सांगतां." त्या खरंच पहिल्यापासून सांगत होत्या, पण सांगताना त्याही त्याच्या तोंडाकडेच बघत. दोघी हसल्या, तेव्हा मला वाटलं, आता होईल.

त्याच आठवड्यात रेवतीने सोलकढीसाठी भिजवलेली सोलां मुलापुढे ठेवली आणि कुस्कर म्हणाली. त्याचे हात मनगटापर्यंत लाल झाले. त्याने बोटं चाटली, तोंड वाकडं केलं, पुन्हा चाटली. ती नारळाचा रस गाळत होती, तिने हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि काही बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचं मला फार कौतुक वाटलं. तांबडी भाजी तो अजून खात नाही.

पाचवी भेट जुलैच्या शेवटी झाली, मासेमारीबंदी अजून उठायची होती. मी सहज विचारलं, "काल रात्री तो किती जेवला?"

तिने सांगायला तोंड उघडलं आणि थांबली. कपाळाला आठ्या घालून आठवू लागली.

"खरंच लक्षात नाही, मॅडम. सुक्या सुंगटांची किसमूर (कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर) केली होती. मी दोनदा वाढून घेतली."