विधान खरे असूनही उत्तर का चुकते?

निपाणी तालुक्यातील एक पालक लिहितात : "मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. आता पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला असून क्लॅटची (कायद्याच्या शिक्षणासाठीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करते आहे. 'युक्तिवादाला बळकटी देणारे विधान निवडा' या प्रश्नांत तिचे गुण हमखास जातात. इंग्रजी कच्चे असल्यामुळे असे होत असेल का? आम्ही ऊस लावणारी माणसे, तिला यात काय मदत करणार?"

सप्रेम नमस्कार,

पत्रासोबत पाठवलेले सहा चुकलेले प्रश्न मी बारकाईने पाहिले. इंग्रजीचा सराव हवाच, कारण ही परीक्षा इंग्रजीतूनच होते; परंतु या सहाही ठिकाणी तिला उतारा नीट समजलेला आहे. तिने निवडलेली विधाने विषयाला धरून आहेत आणि स्वतंत्रपणे पाहिली तर पटण्यासारखीही आहेत. मात्र दिलेल्या कारणापासून निष्कर्षापर्यंत जाताना मध्ये जी फट राहते, ती त्यांतले एकही विधान बुजवत नाही.

आपल्याच शेतातले एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक शेतकरी म्हणतो, "गेल्या वर्षी एकरी ३५ टन ऊस निघाला, यंदा ठिबक बसवले आणि ५० टन निघाला, म्हणजे ठिबकमुळेच उत्पादन वाढले." याला बळकटी कोणत्या विधानाने येईल? "ठिबकमुळे पाण्याची बचत होते" हे खरे आहे, पण येथे प्रश्न पाण्याचा नसून टनेजचा आहे. "परिसरातले बरेच शेतकरी ठिबककडे वळत आहेत" यातून फक्त त्यांची पसंती कळते. आपण मात्र हा दावा ऐकताच विचाराल, "गेल्या वर्षी खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) होता की लागण (नव्याने लावलेला ऊस)?" कारण खोडव्यानंतर नवी लागण केली, तर ठिबक नसतानाही वजन वाढू शकते. आपली ही शंका म्हणजेच ती फट. म्हणून "दोन्ही वर्षी त्याच जातीची लागण होती आणि खताची मात्राही तेवढीच होती" हे विधान युक्तिवादाला बळ देते, कारण वाढीची दुसरी संभाव्य कारणे ते बाजूला सारते. त्याने दावा पूर्ण सिद्ध होत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. निष्कर्ष आधीपेक्षा अधिक संभवनीय झाला, एवढे पुरे. तेव्हा मदत काय करणार, असे कृपया म्हणू नका. ही शंका काढण्याची सवय आपल्याकडे आहे, तीच तिला द्यायची आहे.

तिच्या उत्तरांत आणखी एक गोष्ट दिसली, ती शिकवणीतही अनेकदा निसटते. ठाम शब्दांचा पर्याय ती लगेच सोडून देते. उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो, असे विचारले असेल तेव्हा ही सावधगिरी योग्य आहे; बळकटीच्या प्रश्नात मात्र दिलेला पर्याय खरा मानूनच चालायचे असते, त्यामुळे विधान जितके ठाम, तितका त्याचा आधार मोठा ठरू शकतो. गृहीतकाचा प्रश्नही वेगळा ओळखायला हवा. गृहीतक खोटे ठरवले तर युक्तिवाद कोसळतो, तर बळकटी देणारे विधान वगळले तरी तो उभा राहू शकतो, फक्त कमकुवत राहतो.

पदवीच्या क्लॅटमध्ये दोन तासांत १२० प्रश्न असतात, त्यांतले साधारण एक पंचमांश तर्काचे, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. म्हणून तिने पर्याय वाचण्यापूर्वीच निष्कर्ष कोणता, कारण कोणते आणि शंका कुठे घेता येते, हे मनाशी ठरवावे. सध्या वेळेचे बंधन घालू नका. प्रत्येक प्रश्नाखाली ती शंका मराठीत एका वाक्यात लिहायला सांगा आणि रात्री ती वाक्ये तिच्याकडून ऐका. असे वीस प्रश्न झाले की वही मला पाठवा. कोणत्या प्रकारची शंका तिला सुचत नाही, ते पाहून पुढचा सराव कळवीन.